दात पांढरे करून घ्यावेत का?

(बेलपाडा येथील साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आज आपण दातांविषयी बोलू. खारघर स्टेशनाकडून बेलपाड्याला येताना रस्त्यावरच्या पाट्या वाचत या. आता तुम्हाला वाचता येते. कुठे लिहिलेले दिसेल, 'दातांचा दवाखाना'. कुठे दिसेल, 'एका तासात दात पांढरेशुभ्र'. १९७० साली सिडको स्थापन झाली. पुढे हळूहळू आपल्या भातशेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. इमारतींबरोबर अशा पाट्या आल्या. पाटी वाचता आली, हे चांगले झाले. आता पाटीवर जे लिहिलेले नसते, ते आम्ही सांगतो.

पांढऱ्या दातांची हौस तशी नवीच आहे. जुन्या काळी आपल्याकडच्या बाया दातवण लावून दात मुद्दाम काळे करीत. काळे दात ही सवाष्णीची शोभा. जपान देशातही हीच चाल होती. तिथल्या सरकारने १८७० साली दरबारी घराण्यांना ती बंद करायला लावली. तेव्हा रूप म्हणजे काय, हे काळाप्रमाणे बदलते. पिवळसर दात म्हणजे रोगी दात, असे कुणी समजू नये.

दात मुळात पिवळसर का दिसतो? दाताला वरून एक कवच असते. आपल्या अंगात त्याच्याइतकी टणक वस्तू दुसरी नाही. हाडही त्याच्यापुढे मऊ. हे कवच काचेसारखे थोडे आरपार असते. त्याच्या आतला थर पिवळा असतो. तो पिवळेपणा बाहेर दिसतो. वय वाढते तसे कवच झिजते आणि पिवळेपणा वाढतो. यात लाजण्यासारखे काय आहे?

बाकीचे डाग आपण वरून लावतो. चहा, पान, विडी, तंबाखू आणि मशेरी. मशेरीबद्दल पुढे बोलू.

काही डाग पाण्याने पडतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही गावांच्या विहिरींत आणि बोअरिंगच्या पाण्यात फ्लोराइड नावाचा क्षार जास्त आहे. एका लिटरात दीड मिलिग्रॅमपेक्षा तो जास्त झाला, की पिण्याला ते पाणी वाईट. लहानपणी असे पाणी प्यायलेल्या मुलांच्या दातांवर पांढरे नाहीतर तपकिरी डाग राहतात. ते घासून जात नाहीत.

आता घासण्याचेच घ्या. कुणी राखुंडीने खसाखसा घासतो. कुणी मीठ वापरतो. कुणी लिंबात सोडा कालवून लावतो. दोन दिवस दात उजळ वाटतात. पण खरबरीत भुकटीने कवच झिजते आणि लिंबाच्या आंबटाने ते मऊ पडते. केस कापले तर पुन्हा येतात, नख काढले तर पुन्हा येते. दाताचे कवच एकदा गेले की पुन्हा येत नाही. कवच पातळ झाले की आतला पिवळा थर जास्तच दिसू लागतो. म्हणजे पांढरे करायला गेलो आणि पिवळे करून बसलो! बाजारात रस्त्याकडेला बसून बाटलीतले पाणी दाताला चोळणारे लोक असतात. त्या बाटलीत पुष्कळदा तेजाब असते. त्यांच्यापुढे तोंड उघडू नका.

मग दातांचे डॉक्टर काय करतात? ते आधी तोंड तपासतात. कीड असेल तर ती काढून दात भरतात. दातांवर साचलेले किटण काढतात. पुष्कळ लोकांचे काम इथेच होते. किटण आणि वरचे डाग गेले की दात आपोआप उजळतात. दात पांढरे करणे ही त्याच्या पुढची गोष्ट आहे. ती खर्चाची आहे. तिला काही हजार रुपये पडतात.

त्यासाठी लागणारे औषध तुमच्या ओळखीचे आहे. जखम धुताना दवाखान्यात एक औषध ओततात आणि पांढरा फेस येतो, ते आठवा. त्याचे नाव हायड्रोजन पेरॉक्साइड. तेच औषध जास्त कडक करून, चिकट लेपाच्या रूपात दातांवर लावतात. आधी हिरड्यांवर झाकण घालतात, कारण औषध हिरडीला लागले तर ती भाजते. पंधरा-वीस मिनिटांनी लेप पुसतात आणि पुन्हा लावतात. औषध कवचातून आत मुरते आणि आतला रंग फिका करते. काही ठिकाणी निळा दिवाही लावतात. दिव्याने मोठा फरक पडतो, असे सिद्ध झालेले नाही. दुसरी रीत सौम्य आहे. दातांच्या मापाचे साचे करून देतात. त्यात हलके औषध घालून ते रात्री घरी लावायचे. याला दोन-तीन आठवडे लागतात.

फायदा खरा आहे, तो नाकारू नये. चारचौघांत तोंडाला पदर लावून हसणारी मुलगी मोकळेपणी हसू लागली, तर तो पैसा अगदीच वाया गेला असे आम्ही म्हणणार नाही. पण काही गोष्टी आधी माहीत असाव्यात. पुष्कळांना काही दिवस गार-गरम लागले की दातांत कळ येते. ती बहुधा थांबते. बसवलेला दात, टोपी किंवा भरलेली जागा पांढरी होत नाही. शेजारचा दात उजळतो आणि ती तशीच राहते. हा रंग कायमचा नसतो. काही महिन्यांनी, फार तर दोन-तीन वर्षांनी तो उतरतो. चहा-तंबाखू चालू असेल तर लवकरच उतरतो. गरोदर बाईने हे करू नये. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींचेही करू नये. युरोपातल्या देशांत तसा नियमच आहे. मार लागून एखादाच दात काळा पडला असेल तर तो वेगळा विषय. त्याची शीर मेलेली असते, आधी तिचा इलाज करायचा.

आता मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना लावायची. कितीतरी आयाबायांचा दिवस तिच्याशिवाय उजाडत नाही. त्या म्हणतात, "गुरुजी, दात घट्ट राहतात." तसे नाही. हिरड्या खाली सरकतात आणि दात हलू लागतात. दात स्वच्छ करायच्या वस्तूंत तंबाखू घालायला सरकारने १९९२ साली बंदी केली. पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार?

आमच्या माहितीतले एक घर आहे. मुलीचे लग्न ठरत होते. तिचे दात पांढरे करायचे म्हणून आई तिला घेऊन दवाखान्यात गेली. मुलीचे दात चांगले होते. डॉक्टरीणबाईंनी नुसते किटण काढले आणि थोड्या पैशांत काम झाले. मग त्या आईला म्हणाल्या, "मावशी, तुम्हीही जरा तोंड उघडा बघू." आई म्हणाली, "मला काय झालंय? माझं काय लगीन करायचंय?" तरी तिने तोंड उघडले. गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा होता. तो दुखत नव्हता, म्हणून तिला ठाऊकच नव्हता. छोटा तुकडा काढून तपासला. तो कर्करोग नव्हता. पण असा चट्टा पुढे कर्करोगात बदलू शकतो. मशेरी बंद करायला सांगितले. पहिले पंधरा दिवस ती घरात सगळ्यांवर चिडत होती. डोके दुखे, हात आपोआप डबीकडे जाई. सुनेने डबीत बडीशेप भरून ठेवली. आता ती दर काही महिन्यांनी तोंड दाखवून येते.

म्हणून आरसा घ्या आणि उजेडात या. दात राहू द्या. गाल आत-बाहेर पाहा, जीभ उचलून पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेले तोंड, तोंड कमी उघडणे, यांतले काहीही दिसले तर दुखायची वाट पाहू नका. आपल्याला लांब जायचे नाही. खारघर स्टेशनासमोर बेलापूरच्या बाजूला भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय आहे. खारघरमध्ये येरळा मेडिकल ट्रस्टचे आहे, कामोठ्याला एम. जी. एम.चे आहे. तिथे शिकणारी मुले शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. खर्चही खाजगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. आणि कर्करोगासाठी टाटा मेमोरियलचे मोठे केंद्र खारघरमध्येच आहे.

खाजगी दवाखान्यात जाल तर पाटीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक पाहा. १९४८ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी झालेल्यालाच दातांचा धंदा करता येतो. दात पांढरे करण्याआधी खर्च किती, हे कागदावर लिहून मागा. तो कागद स्वतः वाचा, मुलाकडे देऊ नका. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर सरकारचा फोन आहे : १८००-११-२३५६. त्याला पैसे पडत नाहीत. आकडे फळ्यावर लिहिले आहेत, वहीत उतरवून घ्या.