गणवेशाचे कापड आणि आपली कातडी
(शाखेच्या सभेतील भाषण)

रेल्वे आणि टपाल खात्यातील कामगार बंधू-भगिनींनो,

पगार, भत्ते, बदल्या यांवर आपण नेहमीच बोलतो. आज अंगावरच्या कापडावर बोलू. २०१७ पासून गणवेशाऐवजी आपल्याला गणवेश भत्ता मिळू लागला. म्हणजे कापड निवडण्याचे काम आपल्यावर आले. दुकानदार 'टिकाऊ आहे, इस्त्री नको' म्हणत पॉलिएस्टर गळ्यात मारतो. तेव्हा ही वस्तू काय आहे, हे आपण समजून घेतले पाहिजे.

पॉलिएस्टरचा धागा १९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी शोधला. तोच टेरिलीन. सुताच्या रेणूंना पाणी धरणारे जणू हात असतात. साध्या हवेत सूत वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरते, नायलॉन सुमारे ४ टक्के, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. पाण्याला तिथे पकडच मिळत नाही. म्हणून वैशाखात लाईनवर किंवा टपालाच्या बीटवर घाम अंगावरच राहतो. तेल-ग्रीस मात्र त्याला घट्ट चिकटते.

गिरणीत कॉस्टिक सोड्याने धाग्याचा वरचा थर थोडा खाऊन काढला, तर पाणी धरणारे हात तयार होतात आणि कापड घाम ओढू लागते. नुसता वरून लेप दिला असेल, तर तो धुण्यागणिक कमी होत जातो.

खरा धोका आगीचा. सूत जळून कोळसा होते. पॉलिएस्टर सुमारे २६० अंशांना वितळते आणि कातडीला चिकटते. थर्मिट वेल्डिंगचा रस तर २००० अंशांच्या वर असतो. टेरिकॉटही सुरक्षित नव्हे, कारण जळके सूत वितळलेला धागा धरून ठेवते.

मानवनिर्मित धागा वाईटच, असे आमचे म्हणणे नाही. पाणी शोषत नाही म्हणूनच तो रेनकोटला उत्तम. डब्यातल्या शौचालयाचे एफआरपीचे भाग काचेच्या धाग्यांचे असतात. त्या धाग्यांवर सिलेन नावाच्या रसायनाचा पातळ थर देतात. फिशप्लेट दोन रूळ जोडते, तसा तो एकीकडे काच आणि दुसरीकडे रेझिन धरतो. ही पकड सुटली, तर वस्तूची ताकद गेली.

कापड घेताना दोन गोष्टी करा. कापडावर पाण्याचा थेंब टाका, तो लगेच शोषला जातो का पाहा. कापडाचाच एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. कागदासारखा वास आणि मऊ राख आली, तर सूत. कडक गोळी झाली, तर पॉलिएस्टरसारखा मानवनिर्मित धागा.

वेल्डिंग आणि आगीजवळच्या कामगारांना आग न धरणारे कपडे भत्त्याव्यतिरिक्त प्रशासनाने द्यावेत, ही मागणी प्रत्येक शाखेने ठरावाने पाठवावी. आम्ही ती पीएनएमच्या बैठकीत मांडू. कातडी आपली आहे, तिचा हिशेब आपणच मागायचा.

कामगार एकजुटीचा विजय असो!