सकाळचा टीव्ही आणि बंदरावरची माणसं



मासेमारी बंदीच्या दिवसांत व्याख्यानमाला ठेवली, म्हणून तुम्ही सगळे आज इथे आहात. नौका शाकारून झाल्या आहेत, जाळी दुरुस्तीला बाहेर निघाली आहेत. ऑगस्ट लागला असता तर यातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या असत्या. मला बोलायचं आहे ते सकाळच्या टीव्हीबद्दल, आणि त्यासाठी आधी जरा अमेरिकेत जाऊन यावं लागेल.

अमेरिकेत युनिव्हिजन नावाची स्पॅनिश वाहिनी आहे. तिने 1997 च्या एप्रिलमध्ये मायामीहून 'देस्पिएर्ता अमेरिका' हा सकाळचा कार्यक्रम सुरू केला. तो आजही चालू आहे. बातम्या, हवामान, गाणी, पाककृती, डॉक्टरांचा सल्ला असं सगळं त्यात एका बैठकीत येतं. तो पाहतात कोण? मेक्सिको, क्युबा, पोर्तो रिको, मध्य अमेरिकेतून आलेली कुटुंबं. त्यांच्यातले कितीतरी जण हॉटेलांच्या भटारखान्यात, बांधकामावर, फळबागांत राबतात. अशा माणसाच्या घरात सकाळी कोणी त्याच्याच बोलीत हसून बोलतं, व्हिसाच्या कागदांबद्दल वकिलाला प्रश्न विचारतं, ही लहान गोष्ट मानू नका.

हा प्रकार मूळ इंग्रजीतला. पॅट वीव्हर नावाच्या एनबीसीच्या अधिकाऱ्याच्या डोक्यातून 'टुडे' निघाला आणि 14 जानेवारी 1952 रोजी सुरू झाला. बीबीसीला सकाळचा कार्यक्रम सुरू करायला 1983 उजाडलं, आपल्या दूरदर्शनला 1987 चा फेब्रुवारी. त्याची बांधणी मात्र सगळीकडे सारखीच राहिली. सकाळी कोणी टीव्हीसमोर मांडी घालून बसत नाही. तव्यावर भाकरी असते, पोराची शाळेची घाई असते, कान तेवढे मोकळे असतात. म्हणून तुकडे लहान, वेळ पडद्याच्या कोपऱ्यात सतत लावलेली आणि हवामान पुन्हा पुन्हा. मधूनच आलेल्यालाही धागा सापडला पाहिजे.

सकाळी बोलणाऱ्या माणसाचं वजन किती असतं, ते 2006 साली दिसलं. कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना गुन्हेगार ठरवणारं एक विधेयक तेव्हा अमेरिकेत आलं होतं. लॉस एंजलिसमध्ये सकाळच्या स्पॅनिश रेडिओवर बोलणाऱ्या निवेदकांनी, त्यांत 'पिओलिन' या नावाने ओळखला जाणारा एदुआर्दो सोतेलो आघाडीवर होता, श्रोत्यांना सांगितलं की पांढरे कपडे घाला, शांततेने रस्त्यावर या. 25 मार्चला पोलिसांच्याच अंदाजाने पाच लाख माणसं आली. ते विधेयक पुढे कायदा झालं नाही. रोज सकाळी ज्याने विनोद सांगितले, हवामान सांगितलं, त्याच्या शब्दावर माणसं घराबाहेर पडली. हा विश्वास रोजच्या संगतीने येतो, जाहिरातीने येत नाही.

आता एक आकडा ऐका. अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणारे चार कोटींच्या थोडे वर आहेत. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख होते. आपण त्यांच्या दुप्पट आहोत. तरीही आपल्या सकाळच्या पडद्यावर बहुतेक वेळ देवदर्शन, राशिभविष्य आणि वस्तू विकणाऱ्या जाहिराती असतात. चांगलं काही झालंच नाही, असं मी म्हणणार नाही. ईटीव्ही मराठीवर राजू परुळेकरांचा 'संवाद' सकाळी लागायचा, माणूस समोर बसवून निवांत बोलतं करणारा. मुंबई दूरदर्शनने 'आमची माती आमची माणसं'मधून शेतकऱ्याला वर्षानुवर्षं त्याचा पडदा दिला. पण दर्याच्या माणसाच्या वाट्याला त्या मानाने काहीच आलं नाही.

आपल्या मिरकरवाडा बंदराची सकाळ तुम्हाला मी काय सांगावी! रात्री गेलेली नौका धक्क्याला लागते, बर्फातून बांगडा, तारली, म्हाकुळ बाहेर येते, क्रेट धक्क्यावर लागतात. व्यापारी बोटाने मासा दाबून बघतो. पुकारा सुरू होतो आणि पाटी घेऊन उभी असलेली बाई मनातल्या मनात भाव जुळवते : एवढ्याला घेतली तर बाजारात केवढ्याला जाईल? हर्णैला आज काय भाव फुटला, साखरीनाट्याला किती माल उतरला, हे तिला त्या क्षणी कळलं तर तिचा आवाज लिलावात वेगळा लागेल. आज ते व्यापाऱ्याला फोनवर कळतं, तिला कळत नाही.

तेव्हा माझी कल्पना साधी आहे. पहाटे, लिलावाच्या आधी, कोकण किनाऱ्यावरून मराठीत एक कार्यक्रम व्हावा. त्यात बंदरोबंदरीचे भाव असावेत आणि बंदरावर कितव्या नंबरचा बावटा लागलाय, हेही. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य बघून मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे ते सांगते. ढग दाटले की उपग्रहाला खालचं दिसत नाही, म्हणून ती माहिती त्या दिवशी का आली नाही, हेसुद्धा तांडेलाला समजेल अशा भाषेत सांगावं. डिझेलच्या परताव्याचा अर्ज कुठे अडतो, ते अधिकाऱ्याला समोर बसवून विचारावं. पर्ससीनवाले आणि पारंपरिक मच्छीमार यांना एकाच टेबलाशी आणावं. पर्ससीन जाळ्यांवरच्या 2016 पासूनच्या निर्बंधांवर दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, पण एकमेकांशी फार कमी बोलतात. मग तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलंही होऊ दे. दालदी घरातली बाई तिच्या बोलीत बोलू दे, भंडारी घरातली तिच्या. नेपाळहून आलेल्या खलाशालाही दोन मिनिटं मिळू देत, तोही आपल्याच नौकेवर जीव टांगून असतो.

कोणी म्हणेल, मोबाइल आहे की! आहे. वादळाचा इशारा त्यावर येतो आणि त्याच्या मागोमाग तीन अफवाही येतात. क्यार वादळ 2019 च्या ऑक्टोबरात, ऐन हंगामात आलं. तौक्ते 2021 च्या मे महिन्यात आलं. अशा रात्री ओळखीचा एक चेहरा, जबाबदारीने बोलणारा, कोणत्याही ग्रुपपेक्षा मोलाचा असतो. शिवाय मोबाइलवर अधिकाऱ्याला सगळ्यांदेखत प्रश्न विचारता येत नाही.

खासगी वाहिन्या हे करतील असं मला वाटत नाही, जाहिरातदार पहाटेच्या धक्क्यावर येत नाही. सार्वजनिक प्रसारणाचं मात्र हे कामच आहे. सह्याद्री वाहिनीचा कारभार वरळीच्या दूरदर्शन केंद्रातून चालतो, आकाशवाणीचं केंद्र तर आपल्या रत्नागिरीतच आहे. माझी विनंती एवढीच आहे की मच्छीमार सोसायट्यांनी ठराव करावेत आणि बायकांनी वेगळी पत्रं लिहावीत, कारण त्यांचे प्रश्न ठरावात सहसा येत नाहीत. 31 जुलैला बंदी उठेल आणि मग कोणाला सवड राहणार नाही. पत्रं त्याच्या आत टाका.