नवशिक्यासाठीं लिहितांना



संगणकावरील खेळांविषयीं माझ्यासारख्या जुन्या मास्तरानें बोलावें, याचें आपणांपैकीं पुष्कळांस नवल वाटेल. परंतु माझा खरा विषय खेळ नव्हे, शिकविणें हा आहे. आणि छत्तीस वर्षें पाटी-पेन्सिलींत घालविलेल्या माणसाला तो कांहीं परका नाहीं.

प्रथम थोडी पार्श्वभूमि सांगतों. लुआन्टी नांवाची एक मोफत प्रणाली आहे. २०१० सालीं ती माइनटेस्ट या नांवानें सुरू झाली व २०२४ सालीं तिचें नांव बदललें. ठोकळ्यांचें जग रचण्याचे अनेक खेळ तिच्यावर चालतात. खेळ दिला तसाच न खेळतां त्यांत आपला ठोकळा, आपला प्राणी, आपला नियम घालण्याची मुभा तेथें आहे. अशा भरीला 'मॉड' म्हणतात. मॉडच्या आज्ञा 'लुआ' भाषेंत लिहावयाच्या असतात. ही भाषा १९९३ सालीं ब्राझीलमध्यें, रिओ दि जानेरो येथील कॅथॉलिक विद्यापीठांत जन्मली. पोर्तुगीज भाषेंत लुआ म्हणजे चंद्र.

माझा नातू महाविद्यालयांत शिकतो. आमच्या वाचनालयांत येणाऱ्या मुलांसाठीं त्यानें मॉड लिहिण्याची एक मार्गदर्शिका तयार केली. तिच्यांत एकहि विधान चुकीचें नव्हतें. तरीहि आठवड्याभरांत मुलें गळालीं. त्यांतला एक सहावीचा मुलगा मला म्हणाला, "मास्तर, मला हें जमणार नाहीं." हें वाक्य मीं वर्गांत शेंकडों वेळां ऐकलें आहे. तें ज्या मुलाच्या तोंडून एकदां निघालें, तें मूल पुढें विषय सोडतें, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी त्याच्या शेजारीं जाऊन बसलों.

त्यानें लिहिलेलें अक्षर न् अक्षर बरोबर होतें. पण मॉड कांहीं केल्या चालेना. अखेर नातवानें दोष शोधला. फाइलीचें नांव 'इनिट डॉट लुआ' असावयास हवें होतें. नोटपॅडनें त्याच्या मागें 'डॉट टीएक्सटी' हें शेपूट जोडलें होतें, आणि विंडोज प्रणाली तसलीं शेपटें सहसा लपवून ठेवते. चूक डोळ्यांना दिसणेंच शक्य नव्हतें, आणि मुलगा मात्र स्वतःला मठ्ठ समजत होता! नातू म्हणाला, "आजोबा, हें तर सर्वांना ठाऊक असतें." मीं म्हटलें, "ज्याला ठाऊक आहे, त्याच्यासाठीं तूं लिहिलेंसच कशाला?"

मग आम्हीं दोघांनीं ती मार्गदर्शिका पुन्हां लिहिली. त्या वेळीं ठरविलेलीं पथ्यें आपणांस सांगतों.

पहिलें पथ्य : पहिल्याच धड्यांत फळ हातीं यावें. मूळ मार्गदर्शिकेंत आरंभीं पांच पानें व्याख्याच होत्या. आम्हीं त्या मागें टाकल्या व एकच ध्येय ठेविलें : खेळांत एक काळी पाटी उभी करणें. त्यासाठीं मॉडच्या नांवाचा एक फोल्डर, त्यांत आज्ञांची फाइल, माहितीची फाइल आणि सोळा बाय सोळा ठिपक्यांचें एक चित्र, एवढें साहित्य पुरतें. मॉडचें नांव रोमन लिपींतील लहान अक्षरांत लिहावें व मध्यें जागा सोडूं नये. ठोकळ्याचें पूर्ण नांव जोडनांव असतें : आधीं मॉडचें नांव, मग अपूर्णविराम, मग ठोकळ्याचें नांव. हजेरीपटांत आडनांव आधीं लिहितात, तसेंच हें, असें सांगतांच मुलांना तें समजलें.

दुसरें पथ्य : प्रत्येक पायरीनंतर पडद्यावर काय दिसलें पाहिजे, तें लिहावें. मॉड फोल्डरांत ठेवून भागत नाहीं. ज्या जगांत तो हवा, त्या जगाच्या यादींत तो निवडावा लागतो. आज्ञा बदलल्यावर त्या जगांतून बाहेर पडून पुन्हां आंत जावें लागतें. हीं दोन वाक्यें गाळलीं, तर मुलाचा सबंध दिवस फुकट जातो.

तिसरें पथ्य : चुका आधींच करून दाखवाव्यात. दुसऱ्या ओळीच्या शेवटीं स्वल्पविराम राहिला, तर यंत्र तिसऱ्या ओळीकडे बोट दाखवितें, आणि बिचारें मूल तिसरी ओळ तपाशीत बसतें. म्हणून आम्हीं धड्यांतच तो स्वल्पविराम मुद्दाम काढावयास सांगितला. सूचनेंतील ओळीचा क्रमांक पाहावा व तिच्या मागच्या ओळीवरहि नजर टाकावी, हें मुलें त्यांतून शिकलीं. चुकीची भीति गेली कीं अर्धें काम झालें.

चौथें पथ्य सर्वांत कठीण : लिहून झाल्यावर एका नवशिक्यास वाचावयास द्यावें आणि आपण मागें तोंड मिटून बसावें. त्याचें बोट जेथें थबकेल, तेथें दोष आपल्या वाक्याचा समजावा. मी स्वतः पहिला नवशिका झालों. माझें बोट अकरा ठिकाणीं थबकलें, आणि अकराहि ठिकाणीं नातवानें मुकाट्यानें नवें वाक्य लिहिलें.

तो सहावीचा मुलगा परत आला. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं त्याच्या जगांत काळी पाटी उभी राहिली. मीं शाबासकी देण्यापूर्वींच त्यानें चित्राचा रंग बदलून ती हिरवी केली होती व शेजारच्या मुलीला स्वल्पविराम कोठें द्यावा, तें तो दाखवीत होता.

मार्गदर्शिकेच्या पहिल्या पानावर आम्हीं तिची तारीख व प्रणालीची आवृत्ति घातली आहे, कारण ह्या गोष्टी लवकर जुन्या होतात. त्याखालीं नातवानें आपण होऊन एक ओळ लिहिली : अडलांत, तर चूक आमची समजा आणि येऊन सांगा. छत्तीस वर्षांत ही ओळ मला फळ्यावर लिहावयास सुचली नाहीं, याची खंत वाटते.