पार्सल उघडण्याआधी



उदगीरला मोंढ्याच्या रस्त्यावर माझं मेडिकलचं दुकान आहे. दुकानात गर्दी असली की काही गिऱ्हाइकं उगीचच बाजूला उभी राहतात. गर्दी ओसरली की काउंटरवर वाकून हळू आवाजात विचारतात. दिवाळीनंतर असाच एक शेतकरी आला, पन्नाशीचा. खिशातून डबी काढून म्हणाला, "भाऊ, हे कशाचं हाय, बघा की जरा." डबीवर घोड्याचं चित्र आणि 'शंभर टक्के आयुर्वेदिक' अशी अक्षरं. बॅच नंबर नाही, लायसन्स नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही.

मुलानं त्याला नवा मोबाईल घेऊन दिला होता, त्यात ई-मेलही उघडून दिला होता. त्याच ई-मेलवर जाहिरात आली: पुरुषांची ताकद, सात दिवसांत फरक, गॅरंटी. यानं नाव, पत्ता, फोन नंबर भरला. पार्सल आलं, २,४०० रुपये दिले. चार दिवसांनी फोन आला, "कोर्स अर्धवट सोडला तर उलटा परिणाम होईल," म्हणून आणखी साडेपाच हजार गेले. पैसे परत मागितले तर म्हणे आधी जीएसटी भरा. तोही भरला. शेवटी एकानं पोलीस असल्याचं सांगून दम दिला, "तुमच्या पार्सलात बंदी असलेला पदार्थ सापडलाय, प्रकरण मिटवायचं का घरी येऊ?" सोयाबीनच्या पट्टीतले एकोणतीस हजार रुपये असे गेले. घरात कुणाला पत्ता नाही. डबीसुद्धा त्यानं गोठ्यात लपवून ठेवली होती.

या धंद्याचं भांडवल म्हणजे गिऱ्हाइकाची लाज. हा माणूस ठाण्याची पायरी चढणार नाही, बायकोला सांगणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. आमच्या लहानपणी एसटी स्टँडच्या भिंतींवर 'गुप्तरोग' रंगवलेलं असे, माळेगावच्या जत्रेत जडीबुटीचे तंबू लागत. तंबूवाल्याचं तोंड तरी दिसायचं. आता समोर फक्त एक नंबर असतो आणि तोही उद्या बंद होतो.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. औषधं आणि चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध आपल्या देशात १९५४ सालापासून कायदा आहे. लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधाची जाहिरात लोकांपुढे करणं हाच त्यात गुन्हा आहे, पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे असा ई-मेल तुमच्या मोबाईलवर आला, तेव्हाच पाठवणाऱ्यानं कायदा मोडलेला असतो. मग त्याच्या गॅरंटीवर विश्वास कसा ठेवायचा?

आता औषधाचं बोलतो. लिंगाला ताठरता येत नाही, या तक्रारीवर खरं औषध आहे. सिल्डेनाफिल त्याचं नाव. संशोधक मुळात छातीतल्या कळेवर औषध शोधत होते, त्यातून हे हाती आलं आणि मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. आज आपल्याकडच्या अनेक कंपन्या ते बनवतात. पण ते शेड्यूल एचमधलं औषध आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही, आणि त्याला कारण आहे. छातीत दुखतं म्हणून जो सॉर्बिट्रेट घेतो, त्यानं हे घेतलं तर रक्तदाब एकदम कोसळतो. जीव जाऊ शकतो. 'आयुर्वेदिक' म्हणून विकलेल्या डब्यांमध्ये हेच सिल्डेनाफिल गुपचूप मिसळलेलं तपासण्यांत वारंवार सापडलं आहे. किती मिसळलं, हे लेबलावर कुठं लिहिलेलं नसतं. मला पैशांपेक्षा याचीच भीती जास्त वाटते.

शिवाय ही तक्रार अनेकदा दुसऱ्याच आजाराची खूण असते. शुगर, बीपी, तंबाखू, दारू, मनावरचा ताण. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून बिघाड कधी कधी आधी तिथं दिसतो आणि छातीत कळ नंतर येते. घोड्याच्या चित्राची डबी ही खूण झाकून टाकते.

या विषयावर मराठीत उघड बोलायचं नसतं असं ज्यांना वाटतं, त्यांना र. धों. कर्व्यांची आठवण करून देतो. १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि वाचकांच्या असल्याच प्रश्नांना सरळ उत्तरं दिली. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, तरी मासिक चालूच राहिलं. इतक्या वर्षांनी आपण पुन्हा कुजबुजतोच आहोत, याचं मला फार वाईट वाटतं.

असा ई-मेल आला तर उघडू नका. 'हे मेल नकोत' असं लिहिलेल्या जागेवरही बोट ठेवू नका, तेवढ्यानं तुमचा पत्ता चालू आहे हे त्यांना कळतं. स्पॅममध्ये टाका. पैसे परत मिळवण्यासाठी आधी पैसे भरावे लागत नाहीत, आणि खात्यात पैसे यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. फोनवर प्रकरण मिटवणारा पोलीस खरा नसतो. पैसे गेलेच असतील तर त्याच घटकेला सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीचा १९३० हा नंबर फिरवा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता जास्त. काय विकत घेत होतात, याची लाज तिथं बाळगू नका. गुन्हा त्यांचा आहे.

त्या शेतकऱ्याला मी सरकारी दवाखान्यात पाठवलं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. त्याच्या रक्तात साखर निघाली, बरीच वाढलेली. पुढच्या खेपेला तो बायकोला घेऊन दुकानात आला आणि शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी गर्दीतच काउंटरवर ठेवली.

तुमच्याही घरात अशी एखादी डबी लपवलेली असेल तर ती घेऊन डॉक्टरांकडे जा. तेवढं धाडस होत नसेल तर जवळच्या मेडिकलवाल्याला दाखवा. दुकानात गर्दी असेल तर नुसती खूण करा, आम्ही काउंटर सोडून बाहेर येऊ.