आधी बूट बघा, मग कॅलिपर रंगवा

मी रायपूरचा. इंजिनिअर नाही, गाड्यांचा हौशी माणूस. आज माझीच एक चूक सांगणार आहे.

गोव्यात 1998 च्या सुमारास सॅन स्टॉर्म नावाची छोटी स्पोर्ट्स कार बनायला लागली. दोनच सीटा, फायबरग्लासची बॉडी, रेनॉचं 1.2 लिटरचं इंजिन. तसली एक जुनी, लाल गाडी मला मिळाली. मग काय, हौसेला मोल नाही! छिद्रांच्या डिस्क आणल्या, महागडे पॅड घातले, कॅलिपर लाल रंगवले. चौकात उभी केली की पोरं फोटो काढायची.

दसऱ्याला लेकीला घेऊन जगदलपूरला गेलो. परत येताना केशकालचा घाट उतरायचा होता. तुमच्यापैकी जे बस्तरला गेलेत त्यांना ती वळणं माहीत आहेत. मी चौथ्या गिअरमध्ये, पाय सारखा ब्रेकवर. चार-पाच वळणं झाली आणि पेडल मऊ लागलं. पुढच्या वळणावर ते थेट तळाला गेलं. पोरगी म्हणाली, "बाबा, हळू ना!" तिला काय सांगू?

पेडल भराभर पंप केलं, तिसरा, मग दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक थोडा थोडा ओढला. तेलिन सती मातेच्या मंदिरापाशी गाडी कशीबशी थांबली. तिथं ट्रकवाले हात जोडायला थांबतातच. त्या दिवशी मीही जोडले.

रायपूरला मिस्त्रीनं ब्रेक ऑइल काढून दाखवलं. काळ्या चहासारखं! मी किती वर्षं बदललं नव्हतं, मलाच आठवेना.

झालं काय होतं? ब्रेक गाडीच्या वेगाची उष्णता करतो. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट. आणि उतारावर? इंजिनाची मदत घेतली नाही, तर 100 मीटर उंची उतरणं म्हणजे ताशी 80 किलोमीटरच्या वेगावरून चार वेळा पूर्ण थांबण्याइतकी उष्णता. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट 4 ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की हीच मर्यादा 155 च्या आसपास येते. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जातं. मग डिस्क कितीही भारी असो!

एक खूण लक्षात ठेवा. पेडल मऊ झालं तर ऑइल उकळलंय. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर बहुधा पॅड तापलेत.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी चांगले टायर. मग दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल. मग पॅड आणि होज. मोठी डिस्क, मोठा कॅलिपर सगळ्यात शेवटी, आणि तेही जाणकाराला विचारून. पुढचा-मागचा तोल बिघडला आणि मागची चाकं आधी लॉक झाली, तर गाडी गरकन फिरते.

आता दुसरी गोष्ट. त्याच प्रवासात वळताना चाकातून टकटक येत होती. मी म्हटलं, खडा असेल. मिस्त्रीनं चाक वळवलं आणि विचारलं, "साहब, बूट कब देखा था?"

पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत ॲक्सलच्या बाहेरच्या टोकाला सीव्ही जॉइंट असतो. त्यात साधारण सहा पोलादी गोळ्या असतात. चाक वळलेलं असतानाही त्या ताकद एकसारख्या गतीनं पोचवतात. त्यांच्यावर काळं मॉली ग्रीस आणि ते सांभाळायला रबरी बूट. माझा बूट फाटला होता. ग्रीस उडून रिमच्या आतल्या बाजूला चिकटलेलं, आणि जॉइंटमध्ये बस्तरची लाल माती! बूट वेळेवर बदलला असता तर नवं ग्रीस भरून भागलं असतं. टकटक सुरू झाली म्हणजे गोळ्यांच्या वाटा झिजल्या. मग अख्खा जॉइंट बदलावा लागतो.

नुसता वेग घेताना गाडी थरथरत असेल, तर आतला जॉइंटही तपासा.

मंडळी, मी पैसे दिसणाऱ्या वस्तूंवर घातले. जीव मात्र न दिसणाऱ्या दोन वस्तूंवर टांगलेला होता, एक वाटीभर ऑइल आणि एक रबराचा तुकडा.

आता लेक स्वतः गाडी चालवते. घाटात निघायच्या आधी ती स्टिअरिंग पूर्ण वळवते, खाली वाकून मोबाईलच्या उजेडात बूट बघते, ऑइलची पातळी बघते. दोन मिनिटं लागतात. आणि उतार लागला की न सांगता खालचा गिअर टाकते. घरी गेलात की तुम्हीही एकदा वाकून बघा.