संयुक्त औषधे आणि कुत्रा असलेले घर



औषधनिर्माणशास्त्र आणि पशुवैद्यक या दोन शाखांचे अभ्यासक एका सभागृहात क्वचितच बसतात, आणि म्हणूनच या परिषदेच्या अध्यक्षीय विवेचनासाठी दोन्ही शाखांच्या सीमेवर पडून राहिलेला एक प्रश्न निवडला आहे. नियत मात्रेचे संयुक्त औषध म्हणजे दोन किंवा अधिक औषधी द्रव्ये ठरावीक प्रमाणात एकाच गोळीत, कॅप्सूलमध्ये किंवा द्रवात बांधून तयार केलेले औषध. असे औषध घडवताना ज्या रुग्णासाठी ते आहे त्याच्या शरीराचा बारकाईने विचार होतो. परंतु ते ज्या घरात जाऊन पडणार त्या घरात आणखी कोण राहते, याचा विचार औषधाच्या आराखड्यात जवळपास कोठेच नसतो. कुत्र्यासाठी घर सुरक्षित करण्याची सगळी जबाबदारी त्यामुळे पाळणाऱ्यावर येऊन पडते, आणि ती त्याला एकट्याला पेलणारी नाही, असे या विवेचनाचे म्हणणे आहे.

दोन द्रव्ये एकत्र बांधण्यामागे सबळ कारण असावे लागते, आणि ते कारण ज्या प्राण्याच्या शरीरात तपासले गेले त्याच्यापुरतेच खरे असते. ट्रायमेथोप्रिम आणि सल्फामेथॉक्साझोल हे मानवी वैद्यकातील जोडऔषध या शिस्तीचा नमुना मानले जाते. जिवाणूंना लागणाऱ्या फोलेटच्या निर्मितीतील लागोपाठच्या दोन पायऱ्या ही दोन द्रव्ये अडवतात, आणि माणसाच्या शरीरात दोघांचा अर्धायुकाल, म्हणजे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणारा वेळ, जवळपास सारखा असल्याने गोळीतील एकास पाच हे प्रमाण रक्तात सुमारे एकास वीस होऊन तेथेच टिकून राहते. कुत्र्याच्या शरीरातून मात्र ट्रायमेथोप्रिम बरेच लवकर बाहेर पडते आणि सल्फा द्रव्य मागे रेंगाळते, त्यामुळे माणसासाठी साधलेला तोल तेथे तसाच राहत नाही. त्यातच सल्फा द्रव्यांची विल्हेवाट लावणारी ॲसिटिलीकरणाची क्रिया कुत्र्याच्या यकृतात नसतेच, आणि या औषधांनी काही कुत्र्यांचे अश्रू आटून डोळे कोरडे पडणे किंवा डॉबरमनसारख्या जातीत सांधे सुजणे या तक्रारी पशुवैद्यकांच्या चांगल्या परिचयाच्या आहेत. एका प्राण्यासाठी जुळवलेले प्रमाण दुसऱ्या प्राण्याला केवळ वजनाच्या हिशेबाने लागू करता येत नाही, हे या एका उदाहरणाने पुरेसे स्पष्ट व्हावे.

कुत्र्यासाठीच घडवलेली संयुक्त औषधे या कसोटीवर पाहिली तर जंतांच्या तिहेरी गोळीचे काम खरोखर कौतुकास्पद ठरते. दहा किलो वजनाला एक गोळी या हिशेबाने तिच्यात प्राझिक्वांटेल ५० मिलिग्रॅम, पायरँटेल एम्बोनेट १४४ मिलिग्रॅम आणि फेबँटेल १५० मिलिग्रॅम असते. प्राझिक्वांटेल फीतकृमींवर चालते, पायरँटेल गोलकृमी आणि अंकुशकृमी यांना लुळे करते, आणि फेबँटेल शरीरात गेल्यावर फेनबेंडाझोलमध्ये रूपांतरित होऊन चाबूककृमींपर्यंत पोहोचते. कुत्र्याच्या आतड्यात यांपैकी कोणते जंत आहेत हे घरात बसून कळण्याचा मार्ग नसल्याने तिन्हींचा एकत्र मारा येथे समर्थनीय ठरतो, आणि तिन्ही द्रव्यांना सुरक्षिततेची मर्यादा मोठी असल्याने वजनाचा अंदाज थोडा चुकला तरी अनर्थ होत नाही. कुत्र्याचे गोलकृमी मुलांच्या शरीरातही शिरू शकतात, त्यामुळे या गोळीने कुत्र्याइतकेच घरातील माणसांचेही रक्षण होते. प्राझिक्वांटेल अतिशय कडू असल्याने गोळीला मांसाची चव देण्याची कल्पना पुढे आली. ती योग्यच होती. परंतु जी गोळी कुत्रा आनंदाने खातो तिचे पाकीट तो आनंदाने फोडतोही, आणि मग सुरक्षिततेची मर्यादा कितीही मोठी असली तरी ती अख्ख्या पाकिटाला पुरेल असे नाही.

गोचीड आणि पिसवांसाठी कुत्र्याच्या मानेवर थेंब थेंब सोडायच्या औषधांची गोष्ट याहून गंभीर आहे. त्यांपैकी काहींत इमिडाक्लोप्रिडबरोबर परमेथ्रिन असते. कुत्र्याला ते सोसते, परंतु मांजराचे यकृत त्याची विल्हेवाट नीट लावू शकत नाही, आणि औषध लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपलेल्या मांजराला कापरे भरून झटके येऊ शकतात. आयव्हरमेक्टिनचेही तसेच आहे. हृदयकृमी टाळण्यासाठी कुत्र्याला किलोमागे जेमतेम ६ मायक्रोग्रॅम लागणारे हे द्रव्य गुरांसाठीच्या तीव्र इंजेक्शनातून अंदाजाने दिले गेले, तर कोलीसारख्या ज्या जातींत मेंदूचे रक्षण करणारे वाहक प्रथिन जनुकीय दोषामुळे निकामी असते, त्या जातींतील कुत्र्याच्या जिवावर बेतते.

तरीही घरातील कुत्र्याला सर्वांत मोठा धोका माणसांच्याच औषधांचा असतो, आणि पुष्कळदा तो मायेपोटी ओढवतो. लंगडणाऱ्या कुत्र्याला घरातलीच दुखण्याची गोळी देणारे हात निष्काळजी नसतात, त्यांना माहिती नसते. ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेली गोळी आपल्याकडे घरोघरी असते. दहा किलोच्या कुत्र्याने अशा दहा गोळ्या चावून खाल्ल्या, तर किलोमागे आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम होते. त्यांतील पहिल्याने जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडे बंद पडू शकतात आणि या मात्रेला झटकेही येऊ शकतात. दुसऱ्याने यकृत जळते आणि रक्तातील हिमोग्लोबिनचे प्राणवायू वाहून न नेणाऱ्या मेटहिमोग्लोबिनमध्ये रूपांतर होऊ लागते. पॅरासिटामॉलवर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे. आयब्युप्रोफेनवर असा नेमका उतारा नाही, तेथे सलाइन, जठराचे रक्षण आणि मूत्रपिंडांवर दिवसेंदिवस लक्ष एवढेच हाती असते. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉलबरोबर फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असले, तर एक द्रव्य रक्तदाब वाढवते, दुसरे गुंगी किंवा उलट अस्वस्थता आणते, आणि या गोंधळात पॅरासिटामॉलची यकृतावरची मंद कारवाई नजरेआड राहते. एकाच द्रव्याच्या विषबाधेत लक्षणे पाहून कारणापर्यंत पोहोचता येते. संयुक्त औषधात लक्षणे एकमेकांना झाकतात. घाबरलेल्या माणसाला पशुवैद्यकापुढे केवळ गोळीचे बाजारातले नाव आठवते, आणि त्या नावावरून आत काय आहे हे ओळखता येईलच असे नाही.

औषधी द्रव्याखेरीज गोळीत किंवा द्रवात जे काही असते, म्हणजे गोडी, बांधणी, रंग, त्याला सहाय्यक द्रव्ये म्हणतात. साखर टाळण्यासाठी काही द्रव औषधांत, च्युइंगममध्ये आणि टूथपेस्टमध्ये वापरले जाणारे झायलिटॉल माणसाला निरुपद्रवी असते. कुत्र्याच्या स्वादुपिंडातून मात्र ते इन्सुलिनचा लोंढा सोडते, अर्ध्या-एक तासात रक्तातील साखर कोसळते, आणि मात्रा मोठी असल्यास यकृतही निकामी होते. औषध घडवणाऱ्याच्या दृष्टीने जी बाब चवीची, ती कुत्र्याच्या दृष्टीने जीवन-मरणाची ठरते.

घरातील इतर धोके बहुतेकांना ठाऊक आहेत, त्यांचा केवळ उल्लेख पुरे: कांदा-लसणाने तांबड्या पेशी फुटतात, चॉकलेटमधील थिओब्रोमीन हृदयाला बाधते, द्राक्षे आणि मनुकांनी मूत्रपिंडांवर आघात होतो, कुंपणावरची कण्हेर हृदय थांबवू शकते. उंदराच्या औषधांबाबत मात्र थोडे थांबायला हवे. ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांनी काही दिवसांनंतर रक्तस्राव सुरू होतो आणि त्यावर जीवनसत्त्व के-१ चालते. काळ्या पुडीतील झिंक फॉस्फाइडला उतारा नाही, जठरातील आम्लाशी संयोग होऊन त्यातून फॉस्फिन वायू निघतो, आणि म्हणून ते खाल्लेल्या कुत्र्याला घाईने पोळी-दूध भरवणे म्हणजे आम्ल वाढवून विष वेगाने मोकळे करणे होय. मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा घरगुती उपायही टाकून द्यावा, कारण त्यातून रक्तातील सोडियम घातक पातळीवर जाऊ शकते.

शासनाने संयुक्त औषधांकडे लक्ष दिलेले नाही असे नाही. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६-अ अन्वये १० मार्च २०१६ रोजी ३४४ संयुक्त औषधांवर बंदी आली, न्यायालयीन फेऱ्यांनंतर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ औषधांवर ती पुन्हा घातली गेली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ औषधे बाद झाली. या सर्व छाननीत प्रश्न एकच होता: ही जोडी रुग्णाच्या हिताची आहे काय? तो प्रश्न योग्य आहे, पण अपुरा आहे. रुग्णापलीकडे पाहण्याचा पायंडा याच देशाने गिधाडांच्या बाबतीत घालून दिला आहे. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या मूत्रपिंडांपर्यंत पोहोचते हे सिद्ध झाल्यावर २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या तरीही गोठ्यात जातच राहिल्या, तेव्हा २०१५ मध्ये मानवी इंजेक्शनाची कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित करण्यात आली. रुग्ण नसलेल्या जिवासाठी मानवी औषधाच्या वेष्टनाचा आकार बदलता येतो, हे त्या निर्णयाने दाखवून दिले. गिधाडांसाठी जे करता आले ते घरातल्या कुत्र्यासाठी करता येणार नाही, असे म्हणण्यास शास्त्रीय आधार दिसत नाही.

त्या दिशेने या परिषदेने तीन बाबींचा आग्रह धरावा. मुलांपासून औषध दूर ठेवणारी झाकणे लहान मुलाच्या बोटांवर तपासली जातात, कुत्र्याच्या दातांवर नाही. निदान चवदार पशुऔषधांची पाकिटे तरी दातांच्या कसोटीला उतरावीत. झायलिटॉल असलेल्या प्रत्येक औषधावर ते कुत्र्याला विषारी असल्याची सूचना मराठीसह स्थानिक भाषांत यावी. तिसरी बाब नावाची आहे. औषधाचे मूळ नाव बाजारातल्या नावापेक्षा ठळक छापावे हा २०१८ चा नियम तीन किंवा अधिक द्रव्यांच्या संयुक्त औषधांना लागू नाही, म्हणजे जेथे घटक ओळखणे सर्वांत अवघड तेथेच सूट आहे. २०२३ पासून ३०० प्रमुख औषधांच्या वेष्टनावर क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. त्या कोडमागे प्रत्येक घटकाची गोळीमागची मात्रा आणि कुत्रा-मांजरांतील विषबाधेची प्राथमिक माहिती जोडता येईल. तो मजकूर औषधनिर्माणशास्त्र आणि पशुवैद्यक यांच्या अभ्यासकांनी एकत्र बसून लिहावा, आणि त्याचा पहिला मसुदा तयार करणारी समिती या अधिवेशनाच्या समारोपापूर्वी नेमली जावी.