‘ती घरीच असते’ असे म्हणू नका
(कार्यकर्ता प्रशिक्षण शिबिरातील भाषण)



पाहणी करणारा दारात येतो आणि विचारतो, घरात काम कोण करते? आपण मुलाचे नाव सांगतो, आपले सांगतो आणि बाईबद्दल म्हणतो, “ती घरीच असते.” या एका वाक्याने ती देशाच्या श्रमशक्तीतून बाद होते.

श्रमशक्ती म्हणजे काय? काम करणारे आणि काम मिळाले तर करायला तयार असलेले, असे दोघे मिळून श्रमशक्ती. म्हणजे बेकारही तिच्यात मोजला जातो. राष्ट्रीय नमुना पाहणीत प्रत्येकाला एक संकेतांक मिळतो. नुसते घरकाम करणारीला ९२. घरकामाबरोबर घरच्यासाठी सरपण, वैरण, रानभाजी गोळा करणारीला ९३. हे दोन्ही संकेतांक श्रमशक्तीबाहेरचे. तीच मोळी तिने बाजारात विकली, तर मात्र ती स्वयंरोजगारी ठरते. डोंगर तोच, ओझे तेच, फरक विक्रीचा.

२०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरच्यांसाठी बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, पुरुषांचा ९७ मिनिटे. श्रमसांख्यिकी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०१३ मध्ये अशा श्रमाला ‘काम’ म्हटले; पण ‘रोजगार’ म्हटले नाही. ही व्याख्या बदलण्याची लढाई लांबची आहे.

परंतु आजच्या व्याख्येत बसणाऱ्या बायकाही आपण गाळतो, त्याचे काय? घरच्या शेतात खुरपणारी, दुकानात बसणारी, नवऱ्याच्या मागावर कांड्या भरणारी बाई पगार नसला तरी नियमाने कामगार आहे. तिच्यासाठी २१ हा संकेतांक आहे. घरी विड्या वळणारी, पापड लाटणारी तर मजुरीच घेते. त्यांचे काम आपणच सांगत नाही, मग ते कागदावर येणार कोठून?

मोजले गेले की हक्क मिळाला, असेही नाही. अंगणवाडी सेविकेला सरकार ‘मानधनी’ म्हणत आले. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार मानण्याची शिफारस केली. तरी अंगणवाडी सेविकांच्या ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य करायला २०२२ साल उजाडले. पण ज्यांची मोजदादच नाही, त्यांची मागणी घेऊन आपण कोणाच्या दारात उभे राहणार?

१ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून जनगणना जाहीर झाली आहे. वर्षात १८३ दिवस वा अधिक काम करणारा मुख्य कामगार, त्याहून कमी करणारा सीमांत, असा भेद जनगणनेत १९८१ पासून आहे. म्हणून प्रत्येक शाखेने वस्तीवस्तीत बैठका घ्याव्यात. वर्षभरात बाईने काय काम केले, किती महिने केले, हे तिच्याबरोबर बसून मोजावे. खोटे काही सांगायचे नाही. केलेले काम मात्र लपवायचे नाही.

आणि ही सुरुवात आपण आपल्याच घरापासून करू या.